गव्हाणीची दोरी

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी औद्योगिक मानसशास्त्र घेतलं, तेव्हा उमापुरात घरी ते कोणाला समजावून सांगता आलं नाही. वडील म्हणाले, "म्हंजी येड्यांचा दवाखाना का?" मी म्हटलं, "न्हाई, शहाण्या माणसाचं कामावर काय होतं, त्याचा अभ्यास." त्यांना ते फारसं पटलं नाही. तरी प्रकल्पासाठी कारखाना लागतो म्हटल्यावर ओळखीच्या एका संचालकांना त्यांनीच गाठलं आणि दूरच्या तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मला परवानगी मिळाली. तीन आठवड्यांत चाळीस कामगारांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती.

दुष्काळाचं वर्ष होतं. उभा ऊस तोडून जनावरांच्या छावण्यांना चालला होता. कारखान्याकडे येणाऱ्या गाड्या रोज कमी होत होत्या, आणि हंगाम लवकर आटोपणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. हंगाम संपला की हंगामी कामगार घरी. पुढच्या वर्षी कोणाला बोलावतील, याचा भरवसा नव्हता. अशात मी छापील कागद घेऊन विचारत फिरत होते, 'कामात समाधान आहे का? वरिष्ठ तुमचं ऐकतात का?'

सगळे समाधानी होते. सगळ्यांचं ऐकलं जात होतं. मी जवळ गेले की चाललेलं बोलणं थांबायचं आणि कोणीतरी मला बसायला खुर्ची द्यायचं.

सहाव्या दिवशी गव्हाणीवरचा एक कामगार आला. गव्हाण म्हणजे साखळ्यांवर सरकणारा लांबलचक पट्टा. गाडीतला ऊस त्याच्यावर पडतो आणि थेट कटरच्या पात्यांकडे जातो. हा माणूस पंचेचाळिशीचा, अडकलेल्या मोळ्या आकड्यानं सोडवायचा. कागद भरून झाला तरी उठेना.

"ताई, ह्याच्यावर नाव लिवत न्हाई ना तुमी?"

"नाही. तुम्ही सांगाल ते माझ्यापाशीच राहील."

तो दाराकडे बघून बोलू लागला. "गव्हाणीच्या कडंनं दोरी हाय. ओढली की गव्हाण थांबती. पर आता थांबत न्हाई. घडीघडी बंद पडायली म्हणून तिची वायर काढून ठिवलीय. गेल्या आठवड्यात माझा पाय घसरला तवा म्या ओढली. काईच झालं न्हाई. जोडीदारानं गचांडी धरून भाईर काढलं, म्हणून हाय."

"साहेबांना सांगितलं का?"

"कावून सांगू? सांगणारा पयला घरी जाईल." मग तो म्हणाला, "तुमी बी सांगू नका."

मी मान हलवली. 

त्या दिवशी गव्हाणीवरचा तो एकटाच माझ्याकडे आला होता, आणि कोण कधी आलं याची नोंद टाइम ऑफिसचा कारकून ठेवत होता. मी तोंड उघडलं तर नाव न घेताही तोच सापडणार होता. आणि नाही उघडलं तर? दुसऱ्या दिवशी मी लांबून गव्हाण बघत उभी राहिले. तो वाकला की मी त्या दोरीकडे बघायचे. यंत्रांच्या आवाजात कोणी मोठ्यानं हाक मारली तरी वाटायचं, झालं. जेवणाच्या डब्यातली भाकरी तशीच परत जायला लागली.

मग हेच चौघांच्या तोंडून यावं म्हणून मी एक युक्ती केली. प्रश्नावलीत एक ओळ वाढवली: 'तुमच्या जागी यंत्र तातडीनं बंद करण्याची सोय चालू आहे का?' गव्हाणीवरच्या इतरांना विचारलं, बॉयलरवाल्यांना विचारलं. एकूण एक सगळ्यांनी 'हो'वर खूण केली. पुन्हा बोलावल्यावर दोरीचं सांगणाऱ्यानंसुद्धा 'हो'वरच केली, आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

संध्याकाळी खोलीवर वह्या चाळत बसले. माणूस स्वतःची भीती कबूल करत नाही, पण दुसऱ्याविषयी विचारलं तर बोलतो, हे वर्गात शिकवलं होतं. परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं. सकाळी कागद बाजूला ठेवले आणि एकच प्रश्न तोंडी विचारायला लागले, "उद्या तुमच्या जागेवर नवा माणूस आला, तर पहिल्या दिवशी त्याला काय सांगाल?"

लोक बोलायला लागले. कुठली पायरी निसटते, कुठल्या नळीला हात लावू नये. आणि गव्हाणीवरच्या सात जणांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं, "दोरीच्या भरवशावर राहू नको म्हणावं."

त्यांचं बोलणं टिपलेल्या कागदांवरून, कोण काय म्हणालं ते कळू न देता, मी सगळं नव्यानं लिहून काढलं आणि चीफ इंजिनिअरकडे गेले.  त्यांनी कागद वाचून उलटा ठेवला.

"हे कोण म्हणालं?"

"बरेच जण म्हणाले, सर."

"मूळ कागद आणा."

"ते देता येणार नाहीत."

"तुम्हाला कोणाच्या शब्दावर इथं घेतलंय, माहीत आहे ना?"

"हो, सर."

ते उठून खिडकीपाशी गेले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "गव्हाण दहा मिनिटं थांबली तरी मला वरून फोन येतो. राहिलेला ऊस वाळतोय, हंगाम बंद व्हायच्या आत जो तो म्हणतो माझा आधी घ्या. तुम्हाला काय वाटतं, मला झोप लागते?" तोवर मला वाटत होतं, भीती फक्त खालच्या माणसांना असते.

दोन दिवसांनी साफसफाईसाठी गव्हाण थांबवली, तेव्हा वायर जोडली. कोणालाही घरी पाठवलं नाही. मला मात्र लेबर ऑफिसरनी सांगितलं, आता येण्याची गरज नाही. माझा प्रकल्प सव्वीस प्रश्नावलींवर अर्धवट राहिला आणि मार्क बेताचेच पडले. वडील त्या संचालकांना पुढे बरेच दिवस टाळत होते, पण मला त्यांनी शब्दानं दुखावलं नाही.

दोनेक वर्षांनी आमच्याकडच्या गेवराईच्या स्टँडवर तो गव्हाणीवरचा माणूस भेटला. त्यानंच ओळख दिली, चहा घ्यायला लावला.

"तवा मी लई भ्यालतो, ताई," तो म्हणाला.

"गव्हाणीला?"

"तुमाला. सांगून बसलो अन् मग रोज वाटायचं, ही बाई आज बोलती का उद्या."

मी म्हणाले, मीही तुमच्याइतकीच भ्याले होते. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, विश्वास बसत नसल्यासारखं, आणि बशीत चहा ओतला.