आधी पैसे, मग गाव

लोणीहून निघालो तेव्हा पिकअपमध्ये दोन ट्रंका, गॅसची टाकी, बाजरीचं पोतं आणि माझी परात होती. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, ओट्यावरून खाली उतरल्या नाहीत. शेत दोन भावांना पुरत नव्हतं आणि यांना नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या गाडीवर काम मिळालं होतं, एवढं त्यांना पटलं होतं. पटलं नव्हतं ते माझं मासवडीचं दुकान. "मासवडी पावण्याच्या ताटात असती," त्या म्हणाल्या. "आमच्यात कदी कुणी इकली न्हाई. बुडालीस तर मला सांगाया येऊ नको." मी पाया पडले आणि गाडीत बसले. नारायणगावाजवळच्या ओझरला दुकान टाकायचं ठरलं होतं.

पुण्याला, दुबईला गेलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही हसाल. लोणी ते ओझर काही सातासमुद्रापार नाही. पण विहीर, वाण्याचं दुकान, शेजारीण, सगळं नवं झालं की बाई परगावचीच होते. गणपतीच्या देवळाच्या रस्त्याला एक गाळा आणि त्याच्या वर एक खोली, दोन्ही भाड्याने घेतली. पहाटे बेसन शिजवायचं, ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, वर तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं सारण पसरायचं आणि फडक्यासकट गुंडाळी करायची. फडकं कोरडं राहिलं की मासवडी फाटलीच म्हणून समजा. शहरातली माणसं दर्शन करून यायची, फोटो काढायची, रश्शाच्या तिखटाने नाक पुसत पुन्हा मागायची. दुकान चालणार, हे मला पहिल्याच महिन्यात दिसलं.

तरी ते चालेना. आणि दोष माझ्या जिभेचा होता. गिऱ्हाईक बाकावर टेकलं की पाण्याबरोबर मी विचारायची, "कुठले म्हणायचे तुम्ही?" आपल्याकडे दारात आलेल्याला हे विचारल्याशिवाय पाणी देतात का? माझं माहेर पिंपरी पेंढार, सासर लोणी, आणि दोन्हीकडचा माणूस देवाला यायचा तो ओझरलाच. दोन वाक्यांत नातं निघायचं. कुणी चुलत जावेचा भाऊ, कुणी मावशीच्या नणंदेचा जावई. नातं निघालं की तो पाहुणा, आणि पाहुण्याकडे पैसे कोण मागणार? वर मीच आग्रह करून दुसरी भाकरी वाढायची. त्यांचंही चुकत नव्हतं. मासवडीला पैसे द्यायचे असतात हे त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. इकडे गाळ्याचं भाडं थकलं आणि हे एकदा हळूच म्हणाले, लोणीला जायचं का परत? मी म्हणाले, नाही. पण रात्रभर आत्याबाईंचं तोंड डोळ्यांपुढे होतं.

अशात आत्याबाई गुडघा दाखवायला आमच्याकडे आल्या. दिवसभर वर बसून करमेना, म्हणून दुकानाच्या कोपऱ्यात लसूण सोलत बसायच्या. बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. एके दुपारी भावकीतले तुकाभाऊजी चार मित्र घेऊन आले, पोटभर जेवले, "लई झ्याक, वहिनी," म्हणाले आणि चपला घालू लागले. मी नेहमीसारखी हसून पुन्हा या म्हणणार, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"तुका, पैसं दे."

ते हसले. "काकू, आमी घरचीच ना?"

"घरचा हायेस तर वर घरी ये, मी वाढते. हितं माज्या सुनंचा धंदा हाय."

भाऊजींनी पैसे दिले आणि, खरं सांगते, रागावलेही नाहीत. पुढच्या महिन्यात ते सहा जण घेऊन आले. आत्याबाईंनी मग मलाही सोडलं नाही. "आदी पैसं घ्यावं, मंग गाव इचारावं," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा लसूण सोलू लागल्या. मी आत जाऊन मोरीत तोंड धुतलं, कारण रडू थांबत नव्हतं. ज्या बाईला खोटं पाडण्यासाठी मी इतकी राबत होते, तीच माझ्या बाजूने उभी राहिली होती.

तेव्हापासून तसंच करते. आता हाताखाली दोन बायका आहेत, पार्सल जातं, भिंतीवर क्यूआर कोड आहे. ओझरला गेली आणि पैशाची झाली, असं गावाकडे काहीजणी म्हणतात. म्हणू देत. दुकान मी बंद करणार नाही.

गुडघा बरा झाल्यावर आत्याबाई लोणीला निघाल्या. निघायच्या आधी दुकानात बाकावर बसल्या, ताट मागवलं, शेवटचा घास खाऊन कमरेची पिशवी सोडली आणि पैसे माझ्यापुढे धरले. मी हात मागे घेतला.

"घे," त्या म्हणाल्या. "शिकलीस का बगते."

मी घेतले. मोजले आणि गल्ल्यात टाकले. मग त्यांचा हात धरून एकेक पायरी चढवत त्यांना वर नेलं, पाट मांडला आणि परत पहिल्यापासून जेवायला वाढलं. पोट भरलेलं होतं तरी त्या जेवल्या, आणि पैशाचं नाव दोघींनीही काढलं नाही.