आबांचा उजवा पाय

आमचे सासरे, आबा, रोज सकाळी ओट्यावर बसून फक्त उजव्या पायाला खोबरेल चोळायचे. डाव्याला नाही. बाकी अंगाला घामाचा वास, पण उजवा पाय मात्र नवरदेवासारखा. आबा पायाळू होते, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाचा पाय पाठीला लावला की उसण उतरते, अशी आमच्या अवसरी गावात सगळ्यांची खात्री. मी जुन्नरहून सून म्हणून आले तेव्हा दारात माणसं पालथी पडलेली बघून मला वाटलं, कुठल्या घरात येऊन पडले मी!

छातीत कळ आली की लोक आबांकडे. आबा म्हणायचे, "बोट ठिव, कुठं दुखतंय." बोट ठेवता आलं तर उसण. नाही आलं तर, "ही मोठी उसण हाय." तिसरं काही नव्हतंच त्यांच्याकडे. मला हा माणूस पहिल्या वर्षापासून आवडला नाही आणि मी ते फारसं लपवलंही नाही. स्वयंपाकघरातून मी ओरडायची, "आधी मंचरच्या डॉक्टरला दाखवा, मग पाय लावून घ्या." त्यावर आबा शांतपणे, "सूनबाई, तुजं तोंड लई चालतंय. भाकरी करप‌ंल."

एका दुपारी आमचे हे उसातून घरी आले. चेहरा राखेसारखा, सदरा भिजलेला, पंजा छातीवर दाबलेला. डावा हात जड झालाय म्हणाले, जबडा दुखतोय म्हणाले. आबांनी पोटच्या पोराला ओट्यावर पालथं घातलं. "आदी पाय लावतो. उसणच हाय." माझं डोकंच फिरलं. आजवर नुसती स्वयंपाकघरातून ओरडणारी मी, त्यांचा पाय हातानं बाजूला ढकलला आणि शेजारच्यांची जीप बोलावली. आबा मागून म्हणाले, "दवाखान्यात नेलंस तर माज्या दारात परत येऊ नगंस."

मंचरच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि तिथूनच पुण्याला पाठवलं. हार्ट ॲटॅक होता. हे वाचले. घरी आलो तर आबा सगळ्या आळीला सांगत होते, "माज्या पायानं मंचरपतुर जीव धरून ठिवला म्हून वाचला." संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. ताट वाढायची, पुढं सरकवायची, बस्स.

पुढं काही वर्षांनी, एका सकाळी, आबा ओट्यावर चहाचा कप तसाच ठेवून बसलेले दिसले. घाम फुटलेला, पंजा छातीवर. ह्यांनी धावत जाऊन जीप दारात आणली. आबा हलेनात. "उसण हाय. पारगावात एक पायाळू हाय, त्याला आना." अंगणात माणसं जमली, त्यातली निम्मी कधीकाळी आबांच्या पायाखाली पडलेली. हे हात जोडून विनवत होते. आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, "उसण हाय."

मी जवळ जाऊन बसले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलले. "आबा, हे काय आहे ते तुम्हाला कळतंय ना?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आवाज एकदम खाली आला. "कळतंय गं. पन एवढ्या मान्सांम्होरं दवाखान्यात कसा जाऊ?"

मला त्यांचा असा राग आला, की अजून गेलेला नाही. मी उठले, अंगणातल्या एकेकाला बाहेर काढलं. कुणी कुरकुरलं, त्याला धक्काही दिला. फाटक लावलं आणि वळले. आबा भिंतीला टेकून होते, डोळे उघडे, मान कलंडलेली. हे त्यांचा हात धरून सांगत होते, "चला आबा, आता कोनी न्हाई बघायला."