बाराशे सत्तेचाळीस, चंदीगड

सहदेव परब हा भटवाडीचा पोस्टमन. घाटकोपर स्टेशनपासून पश्चिमेला चालत गेलं की जी टेकडी लागते, तिच्या उतारावरची सगळी घरं त्याच्या बिटात. घरांना नंबर असे नव्हतेच. पाकिटावर लिहिलेलं असायचं, ‘सार्वजनिक नळाच्या वर, कोंबडीवाल्या सावंतांच्या मागे’, नाहीतर नुसतंच, ‘पत्र्याचं घर’. आता टेकडीवर पत्र्याचं नाही असं घर कुठलं? पण सहदेवाचं कधी अडलं नाही. दारात उभा राहून तो आधी नाव विचारी, मग नवऱ्याचं नाव, मग गाव. एकाच चाळीत दोन रत्नप्रभा तावडे होत्या. एकीचा नवरा मस्कतला, दुसरीचा बोटीवर. सतरा वर्षांत एकीचं पत्र दुसरीकडे गेलं नाही. याचा त्याला अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसे.

टेकडीच्या पायथ्याशी एका बैठ्या खोलीत बीजी राहायच्या. फाळणीत इकडे आलेली पंजाबी म्हातारी. नवऱ्याचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज होतं, तो गेल्यावर एकट्याच. त्यांना महिन्याला एक पत्र यायचं, भावाचं. आत उर्दू, ते सहदेवाला कळायचं नाही. पण मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता इंग्रजीत असायचा. मकान नंबर १२४७, सेक्टर २२-बी, चंदीगड. बस्स. ना नळ, ना कोंबड्या. सहदेव ते पाकीट दर वेळी उलटून बघायचा. असं कुठं गाव असेल का, की आकडा वाचला आणि दार सापडलं?

सरकारी नोकराला चार वर्षांतून एकदा देशात कुठंही जायला भाडं मिळतं. १९८१ सालच्या डिसेंबरात सहदेवाची पाळी आली. पोस्टातले बाकीचे कन्याकुमारीला जात, काशीला जात. सहदेवानं अर्जात लिहिलं, चंदीगड.

“थंय कोण आसा आपला?” वनमालानं विचारलं. त्याची बायको. मालवणची.

“कोण नाय. शहर बघूया.”

“देऊळ तरी आसा?”

“आसतला गो.”

वनमाला म्हणाली, तिकडे लोकर चांगली मिळते असं शेजारच्या सुगंधानं सांगितलंय, ती घेऊ. भटवाडीत लोकरीचं काय करणार, हे सहदेवानं विचारलं नाही. बायको यायला तयार झाली हेच पुष्कळ होतं.

निघायच्या आदल्या दिवशी तो बीजींना सांगायला गेला. त्यांनी उठून ट्रंकेवरचा एक डबा त्याच्या हातात दिला. माहीमचा हलवा, पातळ कागदाच्या घड्या घातलेला. त्या म्हणाल्या, माझ्या भावाला लहानपणापासून गोडाची हाव. नऊ वर्षांत त्याला बघितलं नाही. पोस्टानं पाठवला तर चुरा होईल, तू हातानं दे.

“बीजी, हे पार्सल समजा पोचलं,” सहदेव म्हणाला.

चंदीगडात ते एका धर्मशाळेत उतरले. पहिल्या सकाळी सहदेव रस्त्याच्या कडेला उभा राहिला तो राहिलाच. रस्ता सरळ. रस्त्यापलीकडे रस्ता, तोही सरळ. झाडं एका रांगेत. कोपऱ्याकोपऱ्यावर सेक्टरचा आकडा लिहिलेली पाटी. कुणी ओरडत नव्हतं, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. ऊन होतं, पण अंगाला लागत नव्हतं, आणि वनमालानं दोन साड्या एकावर एक नेसल्या होत्या.

त्यांनी तळं बघितलं. फुटक्या बांगड्या आणि कपबश्यांचे तुकडे लावून केलेल्या पुतळ्यांची बाग बघितली. तिथं वनमाला प्रत्येक पुतळ्यापाशी थांबून बांगड्यांचे रंग बघत होती. घरी एक बांगडी फुटली तर मी ओवाळून टाकते, म्हणाली, आणि इथं लोकांनी बाया उभ्या केल्यात. सहदेव मात्र सेक्टर मोजत होता. बारा झाला, चौदा झाला. तेरा कुठं? त्यानं सायकलरिक्षावाल्याला विचारलं. तो म्हणाला, तेरा नाहीच, शहर आखणाऱ्या साहेबांनी ठेवलाच नाही. सहदेवाच्या मनाला ते लागून राहिलं. कुणी चुकून तेरा लिहिलं तर त्या पत्राचं काय होत असेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन ते बावीस सेक्टरला निघाले. रिक्षावाल्यानं एका मोठ्या गोल चौकात सोडलं आणि हात केला. सहदेवानं त्या हाताकडे नीट बघितलंही नाही. आकडे असताना माणसाला काय विचारायचं? रस्ता ओलांडला, आत शिरला. विटांची दुमजली घरं, सगळी एका साच्यातली. अकराशे, बाराशे, बाराशे चाळीस. बाराशे सत्तेचाळीस. त्यानं फाटकावरच्या आकड्याला बोट लावलं.

“नाव इचारूक नको?” वनमाला म्हणाली.

“नंबर बरोबर आसा मा? मगे नाव कित्याक?”

अंगणात खाटेवर उन्हात एक धिप्पाड बाई मटार सोलत बसली होती. सहदेव म्हणाला, “बंबई से आया है. आपके लिए हलवा भेजा है.”

बाईच्या मांडीवरचे मटार खाली सांडले. “बंबई से?” ती उठली आणि वनमालाला तिनं मिठीत घेतलं. वनमाला तिच्या शालीत दिसेनाशी झाली. मग घरातून दोन सुना आल्या, चार मुलं आली, शेजारीण आली. खाटा ओढल्या गेल्या. चहा आला, मुळ्याचे पराठे आले, वर लोण्याचा गोळा. डबा उघडला गेला. मुलांनी हलव्याचे कागद सोलून सोलून खायला सुरुवात केली.

बाईचं नाव हरबन्स कौर. ती विचारत होती, दीर कसा आहे, त्याची टॅक्सी अजून चालते का, अंधेरीची खोली मोठी घेतली का? त्या भरभर पंजाबीतलं सहदेवाला निम्मंच कळलं; त्याला वाटलं, बीजींना हिनं दीर कशाला म्हणावं? पंजाबी बोलण्यात तसं असेल. त्यानं सांगितलं, तब्येत चांगली आहे, फक्त गुडघे दुखतात. हरबन्स कौर म्हणाली, गुडघे? त्याला तर काही नव्हतं. वनमालानं तोंडातला घास तसाच ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं.

सहदेवाच्या अंगातून ती थंडी पहिल्यांदा आरपार गेली. त्यानं हळूच विचारलं, “ये बाईस सेक्टर है ना?”

“इक्कीस,” हरबन्स कौर म्हणाली.

एका मुलाच्या गालात हलवा होता, तो त्यानं गिळला. सहदेवाला जमीन दुभंगावी असं झालं. सतरा वर्षं टेकडीवर एक कार्ड चुकलं नाही, आणि इथं, जिथं आंधळ्यालाही घर सापडावं तिथं, आयुष्यात पोस्टाशिवाय, स्वतःहून न्यायचं ठरवलेलं एकमेव पार्सल दुसऱ्याच्या घरी उघडलं गेलं. डब्यात निम्मा हलवा उरला होता. तो हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, पार्सल बावीस सेक्टरचं होतं.

हरबन्स कौर आधी सुनांकडे बघत राहिली, मग पोट धरून हसली. हसता हसता डोळे पुसले. “म्हणजे तुम्ही आमचे कुणी नाही?” ती म्हणाली. “मग आता झालात. पराठा संपवा.” तिनं डब्याला झाकण लावलं, पायात जोडे घातले आणि स्वतः निघाली. रस्ता ओलांडताना तिनं वनमालाचा हात धरला होता.

बावीस सेक्टरातलं बाराशे सत्तेचाळीस तसंच होतं. तसंच फाटक, तशीच जाळी. या वेळी सहदेवानं फाटकाबाहेरूनच नाव विचारलं. अमरनाथ म्हणून कुणी राहतात का? काठी टेकत एक बारीक म्हातारा बाहेर आला. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला, घरात एकटा. सहदेवानं एका दमात सगळं सांगून टाकलं. डबा, सेक्टर, मुलं, हलवा.

अमरनाथनी डबा घेतला आणि बाजूला ठेवला. त्यांना साखरेचा आजार होता, दोन वर्षांपासून गोड बंद. बहिणीला त्यांनी ते कळवलं नव्हतं. ते सहदेवाच्या तोंडाकडे बघत होते. “तू सहदेव?” ते म्हणाले. “माझी पत्रं नेणारा?”

ते आत गेले आणि बीजींच्या पत्रांचा गठ्ठा घेऊन आले. चाळून चाळून एक काढलं आणि उर्दूतून हिंदीत वाचलं. ‘पंधरा दिवस ताप होता. सहदेव रोज येतो. डाक असो नसो, दार वाजवतो. मी आवाज दिला की जातो.’ दुसरं काढलं. त्यातही तो होता. सहदेवाची छत्री, सहदेवाच्या बायकोनं पाठवलेले घावणे, पायऱ्यांवरून घसरून त्याचा सुजलेला घोटा. सहदेव खाली मान घालून ऐकत होता. सतरा वर्षं तो लोकांच्या गोष्टी खांद्यावर वाहत होता. त्यातल्या एकीत आपण असू, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. वनमालानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी हरबन्स कौर धर्मशाळेत हजर. तिनं वनमालाला सतरा सेक्टरच्या बाजारात नेलं. ऐसपैस फरसबंदी, मध्ये कारंजं, एकही गाडी नाही. कारंज्याच्या कठड्यावर दोघी चणे खात बसल्या. ही मालवणीत बोलली, ती पंजाबीत, आणि दोघींचं काही अडलं नाही. वनमालानं लोकर घेतली. हिरवी, तीन गुंडे. हरबन्स कौरनं दोन सुया दिल्या आणि टाका कसा घालायचा ते दाखवलं. तोवर सहदेव अमरनाथांच्या अंगणात उन्हात बसला होता. म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, तुमच्या त्या टेकडीवर घर कसं सापडतं? सहदेवानं सांगायला सुरुवात केली, आणि ते काही लवकर संपलं नाही.

घाटकोपरला परत आल्यावर तो ड्यूटीच्या पहिल्याच दिवशी बीजींकडे गेला. चुकीच्या सेक्टरचं सांगितलं. बीजी म्हणाल्या, बरं झालं, मुलांनी तरी खाल्ला. साखरेच्या आजाराचं त्यानं सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क भावाचा. मग बीजींनी त्याला खाली बसवलं. दिसतो कसा? केस राहिलेत का? हसतो तेव्हा एक डोळा मिटतो का अजून?

“मिटतो,” सहदेव म्हणाला. “डावा.”

“हो, डावाच,” बीजी म्हणाल्या, आणि पुढचं ऐकायला भिंतीला टेकून बसल्या.