भरलेलं पिंप आणि भद्रे सरांचा अंदाज

आदरणीय प्रा. किशन भद्रे सर पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मी सरांच्या शैक्षणिक कार्यावर लिहावं, असं संपादकांचं सांगणं आहे. कार्यावर लिहिणारी मोठी माणसं या ग्रंथात पुष्कळ आहेत. मी एका लोखंडी पिंपावर लिहिणार आहे. संपादकांनी रागावू नये, कारण आज मी नांदेडला भौतिकशास्त्र शिकवते ती त्या पिंपामुळे.

सरांची नि माझी पहिली भेट लातूरच्या महाविद्यालयात, पहिल्याच तासाला झाली. मी देवणीजवळच्या खेड्यातून आलेली, शहराला बुजलेली मुलगी. सर टेबलावर एक पाट तिरका टेकवून उभे होते. एका हातात लोखंडी नळीचा तुकडा, दुसऱ्या हातात तेवढ्याच जाडीचा भरीव रूळ. "दोन्ही एकदम सोडतो. खाली आधी कोण पोचेल?" असं म्हणून त्यांनी नेमकं माझ्याकडे बोट केलं. मी म्हणाले, "दोन्ही संगंच येतील की सर." वर्ग खो खो हसला. सरांनी शांतपणे फळ्यावर लिहिलं, 'बिरादार : संगंच'. माझाच शब्द, जसाच्या तसा. मग वळून म्हणाले, "हसायचं असेल तर उत्तर चुकल्यावर हसा. बोलण्यावर हसायचं नाही." त्यानंतर त्या वर्गात माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नाही.

उत्तर अर्थातच चुकलं. भरीव रूळ आधी आला, नळी मागून. गडगडणाऱ्या वस्तूला दोन कामं असतात, सर सांगू लागले. पुढं जायचं आणि स्वतःभोवती फिरायचं. उतारावरून मिळालेली ऊर्जा या दोन कामांत वाटली जाते. नळीचं सगळं वजन कडेला, म्हणून तिची जास्त ऊर्जा फिरण्यातच जाते आणि पुढं जायला कमी उरते. याला पुस्तकात घूर्णन गतिज ऊर्जा म्हणतात. पण सरांनी ते नाव तास संपताना सांगितलं, आधी नाही. त्यांच्या वर्गाचा आणखी एक रिवाज होता. प्रयोगाआधी प्रत्येकानं आपला अंदाज सांगायचा, सरांनीसुद्धा, आणि चुकलेला अंदाज शनिवारपर्यंत पुसायचा नाही. माझं 'संगंच' आठवडाभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण शनिवारी ते सरांनी माझ्याच हातानं पुसून घेतलं.

ते दिवस लातूर नवा जिल्हा झाल्याचे होते. कामासाठी उस्मानाबादला खेटे घालणं संपलं, भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या, जीपगाड्या धुरळा उडवू लागल्या. त्याच धुरळ्यात दुष्काळ आला. "जिल्हा आपला झाला, आता पाणी कधी आपलं होणार?" असं चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे. मुलींच्या वसतिगृहाची विहीर आटली. टँकर यायचा, पण आतल्या अरुंद बोळात शिरायचा नाही. तो मोठ्या रस्त्यावर थांबायचा आणि आम्ही घागरी वाहायचो. सकाळचे तास त्यातच जायचे. मुली आजारी पडू लागल्या. शेवटी प्राचार्यांनी जाहीर केलं की वसतिगृह बंद करावं लागेल, मुलींनी घरी जावं. ते वाईट माणूस नव्हते हो, त्यांचाही नाइलाज होता. पण घरी गेलेली मुलगी परत येत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्यासाठी तर स्थळही बघून ठेवलेलं होतं.

सर प्राचार्यांकडे गेले आणि थोडी मुदत मागून घेतली. त्यांनी तेलाचं एक लोखंडी पिंप आणलं आणि धुण्याच्या सोड्यानं स्वतः घासून घासून स्वच्छ केलं. टँकरखाली ते काठोकाठ भरायचं, बूच घट्ट लावायचं, आडवं पाडायचं आणि गडगडवत वसतिगृहापर्यंत न्यायचं, असा बेत होता. बोळ बराचसा सपाट होता, पण शेवटी दाराशी उतार होता. तिथं पिंप किती जोरात सुटेल हे आधी समजायला हवं, म्हणून सरांनी प्रयोग मांडला. एका अंगाला मैदानावरचा दगडी रूळ, दुसऱ्या अंगाला भरलेलं पिंप. वर्गात जाऊन त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'भद्रे : बरोबरीनं'. पाण्यानं गच्च भरलेलं पिंप म्हणजे भरीव रूळच, असा त्यांचा हिशेब होता.

पिंप बरोबरीनं आलं नाही. ते रुळाला मागं टाकून सुसाट सुटलं, धरायला उभे असलेले लोक बाजूला उड्या मारून वाचले, आणि ते दाराच्या दगडी खांबावर आदळलं. बूच उडालं. सगळं पाणी मातीत गेलं. त्या दिवसांत पाणी सांडणं म्हणजे काय, हे ज्यांनी ते दिवस काढले त्यांनाच कळेल. एक मुलगी रडायला लागली. मलाही सरांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू!

सर उताराच्या मधोमध उभे होते. ते मोठ्यानं म्हणाले, "मी चुकलो. पाणी फिरत नाही. पिंप फिरतं, पाणी नुसतं पुढं जातं." मग आमच्याकडे वळून, हात जोडून म्हणाले, "सांडलेलं पाणी माझ्या अंगावर आहे." त्या संध्याकाळी त्यांच्या घरचं साठवलेलं सगळं पाणी, पिण्यापुरतं सोडून, सरांनी आणि त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, वसतिगृहात आणून दिलं. काकू त्यांच्यावर चिडल्या होत्या, वाटभर बोलत होत्या, पण घागर त्यांच्याही डोक्यावर होती.

रात्रभर कुढत बसणं सरांच्या स्वभावात नाही. पाणी आत फिरत नाही याचाच अर्थ भरलेलं पिंप चालू करायला फार जोर लागत नाही, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला त्याच फळ्यावर समजावलं. फक्त उतारावर त्याला मागून धरायला हवं. त्यांनी पिंपाच्या दोन्ही तोंडांच्या मधोमध सैल फिरणारे लोखंडी आकडे बसवून दोर बांधले. सपाटीवर दोघी ढकलणार, उतारावर चौघी दोर धरणार. पिंप चालू लागलं. आमच्या सकाळी आम्हाला परत मिळाल्या आणि वसतिगृह बंद व्हायचं टळलं.

आणि तेवढ्यात माझे वडील आले. वसतिगृह बंद होणार हे त्यांच्या कानावर गेलं होतं. ट्रंक उचलायच्या तयारीनंच ते आले होते. "चल बाई, आवर. लई झालं शिक्षण," ते म्हणाले. मी सरांकडे बघितलं. सर वाद घालतील, मुलींच्या शिक्षणावर भाषण देतील असं मला वाटलं. ते एवढंच म्हणाले, "दादा, चहा नंतर घेऊ. आधी टँकर आलाय, जरा हात लावता का?"

वडील रस्त्यावर आले. भरलेल्या पिंपाकडे त्यांनी नवा बैल पारखावा तसं चहूबाजूंनी बघितलं. "हे पोरी ढकलतात? काय सांगायलात सर!" मग बाह्या सारून त्यांनी दोन्ही हात लावले, सगळा जोर एकवटून रेटा दिला, आणि पिंप एवढं सहज निघालं की ते तोंडावर पडता पडता राहिले. थोडं अंतर चालून ते थांबले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "अगं, लई हलकं जातंय की हे!"

"आत पाणी फिरत न्हाई ना आबा, म्हणून," मी म्हणाले. त्यांना काय समजलं कोण जाणे. पण लेकीला काहीतरी समजतं, हे त्यांना समजलं असावं.

नंतर सरांच्या ओट्यावर काकूंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. सर इस्लापूरकडच्या बौद्ध कुटुंबातले. आमच्या गावात आमच्या घरच्या माणसानं तसं पाणी घेणं त्या काळी सहज घडणारी गोष्ट नव्हती. वडील क्षणभर तांब्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि घटाघटा रिकामा केला. तोंड पुसत म्हणाले, "राहू द्या पोरीला." ट्रंक जिथं होती तिथंच राहिली आणि ते एकटेच एस.टी.ने गावी गेले.

'भद्रे : बरोबरीनं' हा अंदाज शनिवारी पुसला गेला नाही. आम्ही पुसायला गेलो तर सर म्हणाले, "या चुकीत पाणी सांडलंय. ही पाऊस पडेपर्यंत राहू द्या." वरिष्ठ मंडळी वर्गात यायची, प्राध्यापकाची चूक त्याच्याच अक्षरात वाचायची आणि चपापायची. सर मात्र त्याच फळ्याच्या उरलेल्या जागेत शिकवत राहिले. मी पुढं आयुष्यभर विद्यार्थ्यांसमोर 'मला येत नाही' असं न लाजता म्हणू शकले, ते त्या फळ्याखाली बसल्यामुळे.

गेल्या महिन्यात या लेखासाठी सरांना भेटायला लातूरला गेले. गुडघे कुरकुरतात, काकू औषधाच्या वेळा ओरडून सांगतात. सरांनी मला बसूही दिलं नाही. तोच तिरका पाट, आणि हातात अर्धी भरलेली काचेची बरणी. "भरलेलं कळलं. अर्धं भरलेलं कसं येतं? पाणी मागंपुढं हिंदकळतं, सारखं नवीनच काहीतरी होतं. सांगा बाई, तुमचा अंदाज काय?" एवढ्या वर्षांनी, एवढ्या मोठ्या माणसाला, अजून उत्तर हवं होतं. मला तिथंच भरून आलं. अंदाज सांगायला मी मुदत मागून घेतली.

सर, तो अंदाज मी नंतर कळवीन. पण आपला रिवाज मोडायला नको, म्हणून एक अंदाज इथं, सगळ्यांसमोर, माझ्या नावानं लिहून ठेवते.

'बिरादार : भद्रे सर ठणठणीत तब्येतीनं शंभरी गाठतील.'

हा चुकवायचाच असेल, तर शंभरी ओलांडून चुकवा. आणि पुसायला मला बोलवा.