गेल्या महिन्याचा हात

वाघमारे सर झरीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. माझे मालक त्याच शाळेत शिपाई, म्हणून सर कधीमधी घरी येऊन ओसरीच्या काठावर बसायचे. त्यांचा कप वेगळा होता, कान तुटलेला, ओसरीच्या कोनाड्यात पालथा घातलेला. चहा त्यात उंचावरून ओतायचा, ही सासूबाईंची शिस्त. कप उचलण्याआधी सर स्वतःचा हात उलटासुलटा करून बघायचे आणि म्हणायचे, "मावशी, तुमी शिवत न्हाईत तो हात गेल्या महिन्याचा. त्याचं कातडं मरून झडलं. हे नवं हाय, अजून कुणी बाटवलं न्हाई."

"हात नवा असंल मास्तर, कप जुनाच हाय," सासूबाई म्हणायच्या. सर गेले की त्या जागेवर पाणी शिंपडायच्या.

माझी लेक जन्मली ती उजव्या हाताची दोन बोटं चिकटलेली घेऊन. ग्रहणात गरोदर बाईनं काही चिरलं तर लेकराचा ओठ फाटतो, म्हणून सासूबाईंनीच मला मुठी आवळून बसवलं होतं. आता म्हणाल्या, "इतक्या घट्ट आवळायला कुणी सांगितलं हुतं?" मला कायमचं माहेरी, पोखर्णीला धाडायचं ठरलं. मालक एसटीची वेळ विचारून आले. मी गाठोडं बांधलं.

माझं गाठोडं ओसरीवर बघून सरांनी कारण विचारलं. मग चुलीजवळचं उलथनं मागितलं. मी ते त्यांच्यापुढं खाली ठेवलं. ते उचलून त्यांनी त्याचं सपाट पातं सासूबाईंना दाखवलं.

"पोटात हात आधी असाच सपाट असतो, मावशी. बोटांच्या मधल्या पेशी वेळ झाली की आपणहून मरतात, तवा बोटं सुटी होतात. वाढणं सोपं हाय, वेळेवर मरणं अवघड. ह्या लेकराच्या मधल्या पेशी हटून बसल्या, एवढंच."

"पेशी कुणाच्या? सुनेच्याच ना?"

"लेकराच्या. अन् लेकरात निम्मा वाटा तुमच्या ल्योकाचा."

सासूबाईंनीच गाठोडं आत ओढलं. गाठोडं सुटलं. उलथनं मात्र त्यांनी राखेनं तीनदा घासलं.

औरंगाबादला लेकीच्या बोटांचं ऑपरेशन करायचं ठरलं आणि विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत एसट्या बंद झाल्या. सर म्हणाले, "पाटीवरचं एक नाव बदलायचं तर गावं पेटायलीत. माणूस आतून रोज बदलायलाय, त्याला कुणी इचारत न्हाई." ते हसले, म्हणून मीही हसले. त्याच आठवड्यात त्यांच्या भावाचं घर जळालं होतं, हे नंतर कळलं. एसट्या सुरू झाल्यावर तेच आमच्यासोबत दवाखान्यात आले, आणि लेकीची बोटं सुटी झाली.

पुढं त्यांची जिंतूरला बदली झाली. नामांतर झालं, त्यानंतर थोड्याच दिवसांत ते आजारी पडले. पोटात गाठ होती. मालक भेटून आले, तेव्हा सासूबाईंसाठी निरोप होता : "मावशीला सांगा, पोरांना जन्मभर शिकवलं, पण माझ्याच पेशी मरायचं विसरल्या."

सर गेल्याचं कळलं तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. उठल्या, डोक्यावरून पाणी घेतलं आणि मला म्हणाल्या, "आज चूल पेटवू नको." आमच्यात हे घरचं माणूस गेल्यावरच करतात.

लेकीला धीर आला. तिनं कोनाड्यातला कप उचलला आणि घरात आणायला निघाली.

"ठेव तिथंच," सासूबाई ओरडल्या. "मास्तराचा हाय त्यो."