काकांचा होकार

आमच्या शेजारच्या ब्लॉकमधल्या काकांनी आयुष्यात कुणालाही 'नाही' म्हटलेलं नाही, आणि माणसाने माणसाचं याहून मोठं नुकसान करायचं ठरवलं तर त्याला बरीच मेहनत घ्यावी लागेल. हे मी रागाने लिहिते आहे. पण काकांविषयी रागाने लिहिणं सोपं नाही. मध्येच हसू येतं, आणि मग हसू आल्याचाही राग येतो.

आम्ही शिरगावात राहायला आलो तेव्हापासून मी पाहते आहे, समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत काकांचा 'हो' बाहेर पडलेला असतो. अंबरनाथच्या कारखान्यात ते स्टोअरमध्ये होते. तिथे म्हणे एकाच सुट्टीच्या दिवशी तिघांच्या बदली ड्यूटी त्यांनी कबूल केल्या आणि तिन्ही खात्यांत थोडा थोडा वेळ उभे राहिले. एकाच मुहूर्ताच्या दोन लग्नांना हो म्हणून एकीकडे अक्षता टाकल्या, दुसरीकडे जेवले, आणि दोन्हीकडचे लोक अजून विचारतात की तुम्ही आला का नाहीत. सोसायटीची टाकी सकाळी धुवायची का, असं एकाने विचारलं, हो. संध्याकाळी धुवायची का, असं दुसऱ्याने विचारलं, हो. टाकी दोनदा धुतली गेली आणि त्या दिवशी कुणालाच पाणी मिळालं नाही. "काका, एकदा तरी कुणाला नाही म्हणून बघा ना," मी म्हटलं. "हो, बघतो की," काका म्हणाले.

वायफायचा तो डबाही असाच घरात आला. नुसता राउटर हवा, की आत डिस्क असलेला, म्हणजे घरातले फोटो-व्हिडिओ त्यातच साठतील, असं दुकानदाराने विचारलं. काका दोन्हींना हो म्हणाले, म्हणून मोठा मिळाला. मग अख्ख्या मजल्याला पासवर्ड दिला. कुणाचा फोन भरला की तो काकांकडे यायचा. बारशी, हळदी, कुणाच्या नव्या बुलेटचे चारही बाजूंनी फोटो, सगळं काकांच्या डब्यात. माझ्या बाबांचा फोन तर कायमच भरलेला. त्यातला एक व्हिडिओ काकांनी डब्यात घेतला आणि बाबांनी विश्वासाने तो फोनमधून काढून टाकला.

तो व्हिडिओ असा होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. ओळखपत्र मिळालं त्या दिवशी बाबांनी ते हातात घेऊन मोठ्याने वाचलं. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, अक्षरांखाली बोट ठेवून वाचायचे. नाव, शाखा, पत्ता वाचून झाला तरी थांबेनात. कार्ड उलटं करून मागच्या सूचनाही वाचल्या. 'कार्ड हरवल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही.' मग समोर बघून म्हणाले, "ऐकलंस ना? सांभाळ." ते मला म्हणत होते, पण फोन धरून काका उभे होते, आणि व्हिडिओत त्यावर "हो" असा आवाज यायचा तो काकांचा. पुढच्याच वर्षी बाबा गेले. त्यांचा आवाज आमच्याकडे दुसऱ्या कशातही नव्हता.

एक दिवस वीज जाऊन आली आणि डबा बंद पडला. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये एक शेठ अशी कामं करतात. त्यांनी तो उघडला आणि म्हणाले, "अंकल, डब्बा मर गया, डिस्क जिंदा है. मेरे पास छोडो. घर के कंप्यूटर में मत लगाना, वो पहचानेगा नहीं." काका हो म्हणाले. पण निघताना आईने विचारलं होतं, "भावजी, आज ऐकायला मिळेल का?" आणि तिलाही ते हो म्हणाले होते. दोन होकारांत आईचा आधीचा. म्हणून काका शेठकडूनच केबल घेऊन डिस्क घरी घेऊन आले आणि कॉम्प्युटरला जोडली. कॉम्प्युटरने ती ओळखली नाही. फॉरमॅट करू का, असं त्याने विचारलं. काका हो म्हणाले. मग त्याने विचारलं, डिस्क रिकामी आहे, तुमच्या कॉम्प्युटरची प्रत तिच्यावर ठेवू का. काका त्यालाही हो म्हणाले.

मी गेले तेव्हा पडद्यावर हिरवी पट्टी भरत होती आणि काका तिच्याकडे बघत बसले होते.

"त्याने विचारलं गं," ते म्हणाले.

"यंत्राला तरी नाही म्हणायचं, काका."

"हो," काका म्हणाले.

त्यानंतर दर आठवड्याला डिस्क कापडी पिशवीत घालून ते कॅम्प एकला जायला लागले. परत आले की आमच्या दारात उभे राहायचे. "होतंय, वहिनी. वेळ लागतोय जरा." आई मान हलवायची. मी वाट बघत राहिले. परीक्षा झाली, निकाल लागला, तरी ते होतच होतं. शेवटी मी स्वतः शेठकडे गेले.

"मैंने तो अंकल को पहले ही हफ्ते बोल दिया था, बेटी," शेठ म्हणाले. "उसके ऊपर दूसरा माल चढ गया. कुछ नहीं निकलेगा."

"फिर भी आते हैं?"

"आते हैं ना. उधर स्टूल पे बैठते हैं, पूछते हैं. मैं ना बोलता हूँ, वो हाँ बोलके उठ जाते हैं."

रिक्षात बसल्यापासून मी काकांना ऐकवायची वाक्यं जुळवत होते. मला एरवी मोठ्यांपुढे बोलता येत नाही, पण त्या दिवशी वाक्यं आपोआप येत होती, एकाहून एक कडू. घरी आले ती सरळ स्वयंपाकघरात गेले आणि आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्याच आठवड्यात. मी विचारलं, मिळेल ना भावजी? हो म्हणाले, पण थांबून म्हणाले. एवढ्या वर्षांत तो माणूस कधी थांबला होता?"

मला तिचाही राग आला. आवाज गेला तो गेलाच, वर या दोघांनी मिळून मला इतके महिने आशेवर ठेवलं. हे मी अजून माफ केलेलं नाही. करता येईल की नाही, तेही माहीत नाही. बाबांनी बोट ठेवून वाचलं होतं ते खरंच होतं, हरवलं की जबाबदार कुणीच राहत नाही.

तेवढ्यात दार वाजलं. काका होते, पिशवी छातीशी धरलेली. ते नेहमीचं वाक्य बोलायच्या तयारीत होते आणि मी माझी. आई पिठाच्या हातानेच पुढे झाली. पिशवीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"भावजी, चहा टाकू का थोडा..."

"हो," काका म्हणाले. प्रश्न पुरा व्हायच्या आत.