आमच्या ह्यांनी बसवलेली कडी

दुरुस्ती झाली की दोन-चार स्क्रू उरतातच. आमचे हे म्हणतात, कंपनी जास्तीचे देते. ते स्क्रू बिस्किटाच्या डब्यात जातात आणि डबा माळ्यावर. किस्स्यांचं तसंच आहे. प्रत्येक दुरुस्तीतून एखादा उरतोच, आणि तो ठेवायला माळा पुरत नाही म्हणून मी सांगत सुटते.

आम्ही उमरग्यात राहतो. मी दवाखान्यात नर्स, हे कॉलेजात क्लार्क. शेजारी भिंतीला भिंत लावून बिराजदार सर, हायस्कुलात इतिहास शिकवतात. हे आणि सर या दोघांचं एक अलिखित मंडळ आहे. घरातलं काहीही बिघडलं तरी मिस्त्रीला बोलवायचं नाही, हा त्या मंडळाचा एकमेव नियम. "त्यात काय एवढं?" हे त्यांचं बोधवाक्य. ते ऐकलं की मी आणि बिराजदार वहिनी एकमेकींकडं बघतो आणि मी कापूस-पट्टी काढून ठेवते.

तसं मी हसण्यावारी नेत आले. पण यंदा आईचा गुडघा बदलला आणि ती माझ्याकडं राहायला यायची ठरली, तेव्हा मात्र मी घाबरले. का, ते कळायला आधीचं थोडं ऐकायला हवं.

*

पहिला कूलरचा. उमरग्याचा उन्हाळा म्हणजे काय ते सांगायला नको. ह्यांनी कूलरची मोटार स्वतः बदलली. चालू केला, गार वारा आला, हे खूश. मी पाणी भरायला गेले आणि पत्र्याला हात लागताच खांद्यापर्यंत झिणझिण्या!

"अहो, करंट मारतोय हा!"

ह्यांनी टेस्टर लावला, चष्मा वर केला आणि शांतपणे म्हणाले, "तसा जास्त न्हाय. थोडाच येतोय."

थोडाच! आयुष्य दवाखान्यात काढलेल्या बाईला नवरा सांगतो की करंट थोडाच येतोय! ह्यांनी उपाय काय केला, तर कूलरशेजारी रबरी चपलांचा जोड ठेवला. हात लावायचा असेल तर आधी चप्पल घालायची.

तेवढ्यात येडशीहून ह्यांचे चुलते आले. जुनं माणूस, घराबाहेर चप्पल काढून, पाय धुऊन आत येणारं. मी म्हटलं, अण्णा, कूलरजवळ जाताना चप्पल घाला. ते माझ्याकडं असं बघायला लागले, जसं काही सुनेचं डोकं फिरलंय. घरात देव्हारा आणि ही चपला घाल म्हणते! त्यांनी काही ऐकलं नाही, वारा आपल्याकडं वळवायला सरळ हात घातला. मग टुणकन मागं सरले. दारात जाऊन चप्पल घातली आणि तशीच घालून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

त्याच दिवशी मी कूलरची वायर कापून टाकली. पण अण्णा अजूनही आमच्याकडं आले की भर उन्हात ओट्यावरच बसतात. चहासुद्धा तिथंच पितात.

*

दुसरा सरांचा. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. आलं की हौद भरून घ्यायचा, मग मोटार लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. आमच्या आणि सरांच्या टाकीचे पाइप एकाच भिंतीवरून शेजारी शेजारी वर जातात. सरांचा पाइप गळायला लागला. "त्यात काय एवढं," म्हणाले, तुकडा कापला, सोल्युशन लावलं, जोडून टाकला. आमचे हे पाइप धरून उभे होते, म्हणजे मंडळ पूर्ण हजर.

पुढं पाणी आलं. सरांनी हौद भरला, मोटार लावली आणि पेपर वाचत बसले. बराच वेळ गेला, तर गल्लीत आरडाओरडा. आमच्या गच्चीवरून पाण्याचा धबधबा! मी तर हादरलेच. आमची मोटार बंद, आमचा हौद अजून अर्धा, आणि टाकी वाहतेय!

सर तावातावानं बाहेर आले. चष्म्याच्या काचा लकाकत होत्या. भर गल्लीत मला सुनावलं, की मराठवाड्यात जन्मलेल्या माणसाला पाण्याची किंमत नसावी ही शरमेची गोष्ट आहे. दुष्काळात बायका डोक्यावर घागरी वाहत होत्या, त्याचं वर्णन झालं. इतिहासाचे शिक्षक ते, मागं जायला लागले की निजामापर्यंत जातात. मी मान खाली घालून ऐकत होते, आणि त्यांच्या मागं त्यांचीच मोटार घुरघुर चालू होती.

शेवटी वहिनी बाहेर आल्या. त्या अक्कलकोटकडच्या, घाबरल्या की कानडी येतं. "अय्यो, साकु, पुरे करा तुमचं भाषण! आपला हौद रिकामा झाला आणि टाकीत थेंब न्हाय!"

सरांनी भिंतीकडं बघितलं. दोन पाइप बघितले. आपण आपला पाइप शेजाऱ्याच्या टाकीला चिकटवलाय हे लक्षात यायला त्यांना थोडा वेळ लागला. नंतर ते पाणी आम्ही बादल्यांनी परत पोचवलं. पण सर आजही म्हणतात, दोन्ही पाइप पांढरे केले ही कंपनीची चूक.

*

आता तुम्ही म्हणाल, मिस्त्री का बोलवत नाही? बोलावला की! तोही किस्सा आहे.

ह्यांनी दारावरची बेल बदलली. वायरी कुठल्या कुठं जोडल्या देव जाणे, पण कुणी बेल दाबली की बाथरूममधला दिवा जायचा. आत अंघोळ करणारं माणूस अंधारात ओरडायचं, "बघा गं, कुणीतरी आलंय!" ह्यांचं म्हणणं, सोयच झाली, आतल्या माणसाला पण कळतं.

माझ्या हट्टापायी सलीममिस्त्री आला. फोनवर रोज "रस्त्यातच आहे" म्हणत होता, आला दोन आठवडी बाजार उलटल्यावर. बोर्ड उघडला आणि कपाळाला हात लावला.

"भाभी, ये काम किसने किया?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांची पापणी लवली नाही. म्हणाले, "आधी एक मिस्त्री यायचा."

मग सलीमनं त्या आधीच्या मिस्त्रीचा जो उद्धार केला! त्याला कुणी पकड हातात दिली, तो माणूस आहे का कोण आहे, त्याला परत दारात उभा करू नका. आणि आमचे हे प्रत्येक वाक्याला मान हलवतायत, "व्हय की, लई फसवलं त्यानं आम्हाला." मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून बसले होते.

पुढं ऐका. सलीमनं बोर्ड खाली उतरवला, वायरी लोंबत्या सोडल्या, "पार्ट आणतो" म्हणाला, खात्री म्हणून आपली पकड ठेवून गेला. गेला तो गेलाच! त्या वायरींखालून आम्ही वाकून जात होतो. ह्यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. मला म्हणाले, "बघ. हे तुझं प्रोफेशनल काम."

बोर्ड शेवटी ह्यांनीच लावला. आता बेल दाबली की काहीच होत नाही.

*

तर अशा घरात माझी आई येणार होती.

आई सोनारीची. वडील गेल्यापासून एकटी राहते. भाऊ पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघ्याचं ऑपरेशन सोलापूरला झालं. पुढं व्यायाम करून घ्यायला रोज कुणीतरी हवं होतं, आणि मी नर्स. पण आईचं एकच पालुपद, लेकीच्या दारात मुक्काम टाकायचा नसतो. माझ्या लग्नापासून ती कधी एक रात्र माझ्याकडं राहिलेली नाही. बाळंतपणालासुद्धा मलाच तिकडं नेलं. हातापाया पडून कशीबशी कबूल केली, तर म्हणाली, "येते. पण कुणाला जरा जरी अडचण वाटली तर मी सोनारीला जाणार."

आणि गेली तर? तिथं संडास अंगणापलीकडं, मध्ये दगडी पायऱ्या. एकदा पाय सरकला की नवा गुडघा गेला. माझा जीव त्यातच अडकला होता.

आमच्या बाथरूममध्ये कमोड बसवायचा होता, धरायला दांडा हवा होता, दाराला नीट कडी हवी होती. मी ह्यांना हात जोडून सांगितलं, एवढं काम तरी मिस्त्रीकडून करून घ्या.

हे एकदम गंभीर झाले. "माझ्या सासूबाई पहिल्यांदा घरी राहायला येणार, आणि त्यांचं काम मी परक्याच्या हातात देऊ?"

आता याला काय बोलणार! बरं, सासू-जावयाचं नातं म्हणावं तर दोघं आजवर एकमेकांशी एक वाक्य बोललेले नव्हते. आमच्यात जुन्या बायका जावयासमोर डोक्यावरचा पदर पुढं ओढतात आणि थेट बोलत नाहीत. हे समोर बसलेले असले तरी आई मला म्हणणार, "जावयबापूंनी जेवण केलं का विचार." हे मला म्हणणार, "झालं म्हणावं." मी मध्ये बसलेली, जशी काही टपाल खात्यात नोकरीला!

कमोड त्यांनी बसवला, आणि आश्चर्य म्हणजे तो हलला नाही. दांडा बसवल्यावर तपासायला बिराजदार सरांना बोलावलं. सर दांड्याला लटकले. "भक्कम आहे," असं म्हणाले आणि दांडा, प्लास्टर व दोन फरश्यांसकट खाली आले. बादलीत बसले ते बसलेच. वहिनींनी आणि मी ओढून काढले. कोपराला टाके घालताना सर मला सांगत होते, बरं झालं आधी तपासलं. माझ्या डोळ्यांपुढं सरांच्या जागी आई दिसत होती.

ह्यांनी दांडा परत बसवला, लांब बोल्ट घालून, भिंत पार पलीकडं भोसकून. मग मी स्वतः लटकून बघितलं.

*

आई आली. पिशवीतले कपडे बाहेर काढेना. दोन घास खाल्ले की म्हणायची, तुझ्या घरच्यांना तरास होतोय. ह्यांची चाहूल लागली की उठून आतल्या खोलीत, दुखऱ्या गुडघ्यानं. मला कळत होतं, ही परत जायला निमित्त शोधतेय.

आणि ते निमित्त ह्यांनी दिलं. मी ड्युटीवर असताना ह्यांनी बाथरूमच्या दाराला नवी कडी बसवली. चांगली जाड, लोखंडी. चौकटीतलं भोक इतकं घट्ट पाडलं की कडी एकदा सरली की सरली. दुपारी आई आत गेली, तिनं कडी लावली, आणि नंतर ती हलेना.

वहिनींचा फोन आला तशी मी डॉक्टरांना न विचारताच निघाले. वाटेत नको ते मनात येत होतं. आई पडली असेल, घाबरली असेल. ह्या माणसाला मी आज काय बोलेन त्याचा नेम नव्हता.

घरात शिरले तर हे बाथरूमच्या दाराशी फरशीवर बसलेले. बोटातून रक्त येतंय, शेजारी पडलेला स्क्रूड्रायव्हर वाकलाय, तोंड पांढरं फटक. वहिनी म्हणाल्या, सलीमला ह्यांनीच फोन केला. आपणहून! सर गाडी घेऊन त्याला धरून आणायला गेले होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. मी जागच्या जागी थांबले. आई ह्यांच्याशी बोलत होती!

"तुमी बसा जावयबापू. मी हितं झाकणावर बसल्याय. पाय लांब करून, आरामात हाय."

हे दाराला डोकं टेकून म्हणाले, "मामी, माझं चुकलं. मिस्त्रीच बोलवायला पायजे होता."



"कशाचं चुकलं," आई म्हणाली. "मालक गेल्यावर सोनारीत पत्रा म्याच ठोकला, मोरीचं दार म्याच बसवलं. मालक हुते तवा बी म्याच करायची. माझ्यासाठी आजवर कुणी खिळा ठोकला न्हवता, जावयबापू. तुमी तर भिंतीला भोक पाडलं."

ह्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. वहिनी मला हळूच म्हणाल्या, दोघं मघापासनं असेच बोलतायत. मी रागानं काय काय जुळवून आणलं होतं, त्यातलं एक वाक्य मला आठवेना. तिथंच भिंतीला टेकून मी रडले.

सर सलीमला घेऊन आले. त्यानं फटीतून लोखंडी पातं घातलं, हातोडीचे दोन ठोके दिले, दार उघडलं. आई दांडा धरून उठली. ह्यांना बघताच पदर पार कपाळाखाली ओढला आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. हे पण दोन पावलं मागं सरून जमिनीकडं बघायला लागले.

सलीमनं कडी बघितली, मान हलवली आणि म्हणाला, ही काढून फेकतो, दुसरी बसवून देतो. स्क्रू फिरवायला लागलाही.

आईनं मला जवळ ओढलं. ह्यांना आणि सलीमला, दोघांनाही स्पष्ट ऐकू जाईल एवढ्या आवाजात मला म्हणाली, "त्या मिस्त्रीला सांग, कडीला हात लावू नको म्हणावं. जावयबापू करतील सवडीनं. मी हाय की आता हितंच."